उभ्याचा ओटा

घर विकायचे ठरले की त्याचे दोष एकाएकी डोळ्यांत भरू लागतात. तीस वर्षे जी कडी निसटते आहे आणि जिला सुतळीने बांधून आम्ही सुखाने झोपत आलो, ती गिऱ्हाईक येणार म्हटल्याबरोबर लाजिरवाणी वाटू लागते. ओसरीच्या भिंतीवर आल्यागेल्या पाहुण्यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग आहेत, हे मला घर विकायला काढल्यावरच समजले. तोपर्यंत ती नुसती भिंत होती. मुलगा उपवर झाला म्हणजे त्याच्या आईला त्याचे पुढे आलेले दात पहिल्यांदा दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

आमचे घर जळकोटला. नांदेडहून उदगीरकडे येताना बालाघाटच्या डोंगराळ मुलखात हे गाव लागते. 1999 साली ते तालुक्याचे ठिकाण झाले आणि मोठ्या रस्त्याकडेच्या जागांना भाव आला. आमचे घर मात्र जुन्या गावात, जिथे चारचाकी गाडी वळवायची तर चार शेजाऱ्यांची संमती घ्यावी लागते. घराचा मूळ कागद उर्दूत आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि आमचा उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात मोडत होता. 1956 साली बीदर म्हैसूर राज्याकडे गेले आणि आम्ही तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आलो. 1982 साली लातूर जिल्हा निघाला, तेव्हा लातूरचे झालो. घर जागचे तसूभरही हलले नाही, त्याचा पत्ता तेवढा फिरत राहिला. विक्रीसाठी तो कागद वाचून घेणे भाग होते. एका वृद्ध मौलवीसाहेबांनी चष्मा पुसून तो वाचला. ओसरी, कोठी, परस असे करत करत ते म्हणाले, “एक बावर्चीखाना, शुमाल रुख.” म्हणजे उत्तराभिमुख. आमच्या स्वयंपाकघराला सरकारदरबारी एवढी प्रतिष्ठा असेल याची मला कल्पना नव्हती.

आणि नेमके त्याच स्वयंपाकघरावरून आमच्या घरात महिनाभर खल चालला.

विकण्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. दादा जाऊन सहा वर्षे झाली. धाकटा भाऊ पुण्यास. मी उदगीरला शाळेत मास्तर. मॅट्रिकपुढे मी गेलो नाही, पुढचे शिक्षण मुलांना शिकवता शिकवता झाले. माय चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी थकलेली, त्या सात खणांच्या घरात एकटी. रात्री फोन उचलायला तिला उशीर झाला की उदगीरला माझे जेवण अडे. तेव्हा घर विकावे आणि मायने माझ्याकडे राहावे, एवढे ठरले. मग मधला माणूस आला. आमच्याकडे दलालास तोंडावर दलाल म्हणत नाहीत, मधला माणूस म्हणतात. त्याने ओसरी पाहिली, कोठी पाहिली, परसात जाऊन बोअरचे पाणी पिऊन पाहिले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मात्र थबकला, आत वाकून बघितले आणि म्हणाला, “गुरुजी, हे पाडा. इथं उभ्याचा ओटा करा, काळा गिरनाट टाका, सिंक बसवा. पुरुष जागा बघतेत, पर घर बायका घेतेत. बाई ह्या दारातून आत आली की सौदा मोडला म्हणून समजा.”

त्या दारातून आत काय होते ते सांगितले पाहिजे. तीन खणांची लांबट खोली. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. आमच्याकडे घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. वर माळवद, म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर दाटीने बसवलेले लाकडी किलचन आणि त्यावर हातभर जाडीची पांढरी माती. माळवदाला एक भोक, त्याला साने म्हणतात. धूर त्यातून वर जाई आणि ऊन त्यातून खाली येई. सकाळी उन्हाचा तो कवडसा पाट्यावर पडला की शाळेची वेळ झाली हे आम्हांला कळत असे. भिंती दोन हात रुंद, त्यांत देवळ्या. एका कोपऱ्यात बळद, ज्यात वर्षाची ज्वारी मावे. दुसऱ्या कोपऱ्यात रांजण. आणि उत्तरेच्या भिंतीशी चूल व तिच्या कडेला चिकटलेला वैल. चुलीचा उरलेला जाळ वैलाखाली जातो आणि तिथे भाकरी होईपर्यंत वरण शिजत राहते. फुकट जाणाऱ्या आचेवर दुसरे भांडे ठेवण्याची ही युक्ती ज्या कोणा बाईने काढली तिचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. चुलीशेजारी फरशीच्या एका तुकड्यावर गॅसची शेगडीही होती, तीही बैठीच. चहा आणि दूध गॅसवर, भाकरी चुलीवर, असा मायने दोघांत समझोता केला होता.

वेळ अमावास्येच्या आदल्या रात्री या खोलीचे वैभव पाहावे. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या आमच्या बाजूला ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना येळवस म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो की मार्गशीर्षाच्या अमावास्येला सारे गाव शेतात जेवायला जाते. त्यासाठी आदली रात्र बायका चुलीपाशी काढतात. हरभऱ्याचे, तुरीचे, वालाचे ओले दाणे नि पालेभाज्या घालून भज्जी, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. आमच्या स्वयंपाकघरात त्या रात्री माय, दोन काकू, थोरली अक्का आणि शेजारच्या दोघी अशा सहाजणी मांडी घालून बसत आणि तरीही मांजराला फिरायला जागा उरे. उभ्याच्या ओट्यापाशी सहाजणी कशा मावतील, हा प्रश्न मी मधल्या माणसाला विचारला. तो म्हणाला, “गुरुजी, सहाजणी आता हायेत कुठं?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. काकू गेल्या, अक्का हैदराबादेत.

धाकट्याचे मत पाडावे असे होते. त्याने पुण्याहून फोनवर हिशेब मांडला. नुसता ओटा, फरशी आणि सिंक यांना साठ हजार. माळवद उतरवून वर स्लॅब घालायचा तर साडेतीन लाख. साठ घातले तर घराची किंमत लाखाने चढेल, असे त्याचे म्हणणे. त्याचे हे लाख कोठून आले हे मी विचारले, तेव्हा त्याने पुण्यातल्या फ्लॅटांचे दाखले दिले. पुण्याच्या फ्लॅटची आणि जळकोटच्या खणांची सोयरीक जुळणार कशी? शिवाय सिंक बसवायचे तर त्यात पाणी पडले पाहिजे. आमच्या गल्लीत नळाचा दिवस मोजून काढावा लागतो आणि बोअर उन्हाळ्यात घसा खरवडू लागतो. 2016 साली लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातले आम्ही. रांजण काढून सिंक बसवणे म्हणजे भरलेला खिसा कापून रिकामे पाकीट घेण्यासारखे आहे, असे मी म्हणालो. मला ते वाक्य आवडले. धाकटा म्हणाला, “दादा, हे कादंबरीत घाला.”

या टोमण्याला कारण होते. मी ज्या चार कादंबऱ्या लिहिल्या त्या चारींत कोठे ना कोठे एक स्वयंपाकघर येते आणि त्यात एक बाई पाठमोरी बसून चुलीपुढे रडते. वाचकांना ती प्रकरणे आवडतात. काहींनी तशी पत्रेही पाठवली आहेत. एकदा मी मायला असेच एक प्रकरण वाचून दाखवले होते. ती तूर निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “रडायला येळ कुठला आला रे? धूर व्हता.”

लाकडाचा व्यापारीही येऊन गेला, ते एक वेगळेच प्रकरण. जुन्या माळवदाचे सागवान घेणारे लोक आमच्या भागात हिंडत असतात. त्याने नखाने तुळई खरवडली, वास घेतला आणि सांगितले की बाकीच्या घरात वाळवी आहे, परंतु स्वयंपाकघराचे लाकूड लोखंडासारखे आहे, धुराने राखले. त्याला तेवढीच खोली हवी होती. म्हणजे मधल्या माणसाच्या मते जी खोली पाहून सौदा मोडणार होता, तीच या गृहस्थाला सबंध घरात विकत घेण्याजोगी वाटत होती. किंमत ही वस्तूत असते की बघणाऱ्याच्या धंद्यात, यावर मी वर्गात एक तास घेऊ शकेन.

त्या तुळयांना आणखी एक इतिहास आहे आणि तो आमच्या जिल्ह्यात कोणाला विसरता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला चार मिनिटे कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत चिखलात रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि वरच्या माळवदाची माती झोपलेल्यांवर आली. हजारो माणसे गेली. जळकोट तेथून दूर. आमच्याकडे भांड्यांची उतरंड कोसळली आणि बळदाला चीर गेली, एवढ्यावर निभावले. पण त्यानंतर आमच्या भागात माळवदाखाली झोपायचे धैर्य पुष्कळांना राहिले नाही. आम्ही दिवाळीपर्यंत परसात झोपलो. लोकांनी छपरावरची माती खाली ओढली आणि पत्रे घातले. दादांनीही ओसरीवर आणि कोठीवर पत्रे घातले. स्वयंपाकघराचे माळवद तसेच राहिले, कारण तिथे कोणी झोपत नसे. तिथे फक्त मायच असे, आणि ती जागी असे.

याच सुमारास मायने उभ्याचा ओटा मागितला होता. ही गोष्ट मी विसरलो होतो असे नाही, मला ती कधी ठाऊकच नव्हती. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. अक्काने ती हैदराबादेहून फोनवर सांगितली. गवंडी घरात होताच, तेव्हा चुलीच्या जागी एक ओटा करून घ्यावा, असे माय म्हणाली होती. दादा म्हणाले होते, पत्रे झाल्यावर बघू. पत्र्यांनंतर अक्काचे लग्न निघाले. लग्नानंतर बोअर. बोअरला पाणी लागले नाही म्हणून दुसरा बोअर. ओट्याचा नंबर नेहमी दुसरा राहिला आणि पहिला नंबर दर साली नवा येत गेला. दादा कंजूष नव्हते. हौसेने नाटकाला बैलगाडी जुंपणारे गृहस्थ होते. पण जिथे आपण कधी जात नाही त्या खोलीची निकड माणसाला दिसत नाही.

मी मायला विचारायला गेलो तो हे सारे ऐकून. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.

“माय, स्वयंपाकघर पाडून ओटा करावा म्हणतेत. तुला काय वाटतंय?”

“कुणासाठी?”

“घर विकायला बरं पडंल म्हणून.”

“म्हणजे मी गेल्यावर.” तिने भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवले. “मी व्हते तवा पत्रं लागले, बोअर लागला. आता दुसऱ्याच्या बायकूसाठी ओटा लागलाय व्हय?”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते वाक्य अधिक वेळ माझ्याजवळ राहिले.

ओट्यासंबंधी मी त्या दिवसांत बरेच वाचले. मास्तर माणूस गोंधळला की पुस्तक शोधतो. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात 1926 साली मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की नावाच्या ऑस्ट्रियन बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. बाई पेशाने वास्तुकार. रेल्वेच्या भोजनाच्या डब्यात इवल्याशा जागेत स्वयंपाक होतो, तो त्यांनी नमुना धरला आणि बाईची पावले कमीत कमी पडावीत असे ओटा, मोरी, शेगडी, डबे मांडले. सुमारे दोन मीटर रुंद नि साडेतीन मीटर लांब एवढीच ती खोली. अशी दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात झाली. आज मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांत जे भिंतीला चिकटलेले ओटे आपण पाहतो, त्यांच्या घराण्यातली ही एक मोठी आजी. मौज अशी की या बाईंनी तोपर्यंत कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असे त्यांनीच पुढे सांगितले. परंतु एक गोष्ट त्यांना सुचली होती. ओट्यापुढे त्यांनी एक फिरते स्टूल ठेवले होते, बसून काम करता यावे म्हणून. आपल्याकडे ओटा आला, स्टूल आले नाही.

मी हे मायला सांगितले. जर्मनीतल्या बाईला स्वयंपाक येत नव्हता याचे तिला नवल वाटले नाही. तिने एवढेच विचारले, “इस्टूल किती उंच?”

याच आठवड्यात गिऱ्हाईक आले. जवळच्या एका तांड्यावरचे कुटुंब. मुलांच्या शाळेसाठी जळकोटला राहायला येऊ पाहत होते. नवरा नोकरीला, बायको कपडे शिवते. मधला माणूस माझ्या कानाशी लागला, “तिला आधी ओसरीच दाखवा.” पण ती बाई सरळ आतच गेली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. सान्याकडे पाहिले, बळदात डोकावली, चुलीला हात लावला. मी घाईने म्हणालो, “हे आम्ही करून देणार आहोत. ओटा, गिरनाट, सगळं.”

“नका करू, गुरुजी,” ती म्हणाली. तिने गळ्यातली पट्टी काढली, एक टोक पायाखाली धरले, दुसरे कोपरापर्यंत नेले. “मला एकतीस इंच लागतंय. गवंडी चौतीस करतेत, मग आमचे खांदे जातेत. माझी मशीन बी मीच उंचीला बसवून घेतली. आन् सासूबाई हायेत, त्या चूल सोडायच्या न्हाईत. तुमचा ओटा मला फोडावा लागंल.” मग मायकडे वळून, “काकू, वारा कुठून येतोय हिथं?”

यानंतर त्या दोघींचे जे बोलणे सुरू झाले त्यात आम्हा पुरुषांना प्रवेश नव्हता. आषाढात कोणती खिडकी लावायची, तुराट्या कुठे रचल्या तर भिजत नाहीत, बाभळीच्या निखाऱ्यावर किती वेळ दूध ठेवायचे, बळदाची चीर कोठवर गेली आहे. मधला माणूस ओसरीवर बसून घड्याळ पाहत होता. माय त्या बाईला घराचे एकेक वर्म सांगत होती. विकणाऱ्याने जे लपवायचे असते तेच ती उघडे करून ठेवीत होती, आणि ती बाई मान हलवून ऐकत होती. सौदा संध्याकाळी झाला. मधल्या माणसाने मनाशी धरलेल्या रकमेपेक्षा चाळीस हजारांनी कमी. धाकट्याने फोनवर दोन दिवस मौन पाळले. तिसऱ्या दिवशी त्याची बायको बोलली आणि तिने हिशेब बरोबर आहे असे सांगितले. साठ खर्चून नंतर फोडायचाच ओटा बांधण्यापेक्षा चाळीस सोडलेले बरे, हे गणित मॅट्रिकवाल्यालाही जमते.

तथापि माझा प्रश्न यातून सुटला नव्हता. उदगीरला माझ्या घरी ओटा आहे, गुळगुळीत, काळा, पस्तीस इंच उंच. माझी बायको उंच आहे. तिने तो आपल्या मापाने करून घेतला आणि त्यात तिचे काही चुकले नाही. माय चार फूट आठ इंच. त्यावर शेगडी, शेगडीवर तवा. मागल्या दिवाळीत ती चार दिवस आमच्याकडे होती, तेव्हा ओट्यापाशी जाऊन उभी राही आणि परत येई. खाली बसली तर गुडघा उठू देत नाही, उभी राहिली तर तवा छातीला लागतो. आम्ही तिला आराम म्हणत होतो. घर विकल्यावर ती आमच्याकडे येणार, म्हणजे तिच्या हातून भाकरी जाणार, असाच त्याचा अर्थ होता, आणि महिनाभर स्वयंपाकघराची चर्चा करताना आम्हां भावांपैकी कोणी ते स्वयंपाकघर मोजले नव्हते.

ते माझ्या बायकोने मोजले. गिऱ्हाईक बाईची मोजपट्टीची गोष्ट मी तिला सांगितली, तेव्हा ती काही न बोलता उठली आणि मागच्या पडवीत एक स्टूल नेऊन ठेवले. मायला त्यावर बसवले, समोर परात धरली, वर-खाली केली. मायने भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. बावीस इंच. गवंड्याने इतका बुटका ओटा जन्मात केला नव्हता, त्याने तीनदा विचारले, “पोरांसाठी हाय का?” शहाबादी फरशी वापरली, गिरनाट मायने नको म्हटले, पीठ दिसत नाही म्हणून. अकरा हजार रुपये झाले. चुलीचा धूर नाही, गॅसच आहे. पण शेगडी डाव्या हाताला, तिथे पूर्वी वैल असे.

कागद झाले आणि वैशाखात आम्ही जळकोटचे घर रिकामे केले. जाते, पाटा, दोन पितळी पातेली एवढे बरोबर आले. बळद येण्यासारखे नव्हते.

आषाढात एका दुपारी फोन वाजला. शिवणकामवाली बाई होती. धो धो पाऊस, आणि सान्यातून पाणी थेट चुलीत.

“पालथं घमेलं घाल,” माय ओरडून सांगत होती, “आन् वर दगड ठेव. दगड न्हाणीच्या कोपऱ्याला हाय, गोल. दुसरा ठिवू नको, घसरतोय.” मग पलीकडून काही बोलणे झाले. मायने विचारले, “ओटा झाला का?” पुन्हा थोडे ऐकले. “बरं,” म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

“काय म्हणते?” मी विचारले.

“तिचा मालक म्हणतोय, आधी पत्रं टाकू. ओट्याचं दिवाळी झाल्यावर बघू.”

ती पाठमोरी होती, आणि तव्यावर भाकरी होती. हसली की काय, ते मला दिसले नाही.